पहिलं कॅरेक्टर: फासे टाकून बनवावं की निवडून?

टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र (कॅरेक्टर) वठवत गोष्ट रचायचा खेळ. तिथे नवा माणूस आला की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, त्याच्यापुढे कोरी कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) सरकवतो आणि विचारतो, "स्टॅट्स रोल करणार की पॉइंट बाय?" ज्याने अजून एकही सेशन (खेळाची बैठक) खेळलेलं नाही, त्याने यावर काय सांगायचं? बहुतेक जण शेजारच्याकडे बघतात आणि तो म्हणेल ते करतात. तुमच्यावर ती वेळ येण्याआधी हे वाचून ठेवा.

स्टॅट्स म्हणजे ताकद, चपळाई, बुद्धी अशा गुणांचे आकडे. 'रोल' केलं तर ते आकडे फासे ठरवतात. 'निवडून' बनवलं (पॉइंट बाय हा त्यातलाच प्रकार) तर ठरलेल्या कोट्यातून तुम्ही स्वतः वाटून घेता. यातली न्याय्य पद्धत कोणती, यावर खेळणारे वर्षानुवर्षं भांडत आलेत. नव्या खेळाडूने त्या भांडणात पडू नये असं मला मनापासून वाटतं. त्याने आधी एवढंच बघावं: या कॅरेक्टरला किती काळ जगायचंय, आणि ते मेलं तर दुसरं बनवायला किती वेळ लागतो? हे कळलं की पद्धत जवळजवळ आपोआप ठरते.

पायरी १: गेम मास्टरला तीन गोष्टी विचारा

खेळ कोणता आणि त्याची कोणती आवृत्ती? किती सेशन चालणार, एक संध्याकाळ की वर्षभराचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी गोष्ट? आणि कॅरेक्टर मेलं तर पुढे काय?

तिसरा प्रश्न विचारायला नवखे लाजतात. लाजू नका. पहिल्याच सेशनला कॅरेक्टर मरू शकतं आणि दहा मिनिटांत नवं बनवून पुन्हा बसता येतं, असं उत्तर आलं तर बिनधास्त फासे टाका. हेच कॅरेक्टर घेऊन पहिल्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत जायचंय, असं उत्तर आलं तर आकडे निवडून घ्या.

गेमिंगच्या दुकानात किंवा संमेलनात सार्वजनिक टेबलावर खेळणार असाल, तर हा प्रश्न तुमच्या हातात नसेलच. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमध्ये, म्हणजे त्याच्या अधिकृत सार्वजनिक खेळात, रोल केलेले स्टॅट्स चालत नाहीत. कॅरेक्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं आणि तुम्ही घरी काय रोल केलंत हे तिथे कुणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे तो नियम मला योग्यच वाटतो.

पायरी २: त्या आकड्यांना वजन किती, ते समजून घ्या

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला. त्यात सहा गुणांपैकी प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि जे पडेल ते लिहायचं, अशी पद्धत होती. आज हे क्रूर वाटतं. पण त्या पहिल्या नियमांत आकड्यांना वजनच फार कमी होतं. योद्ध्याची स्ट्रेंग्थ (ताकद) कितीही असली तरी त्याचा वार त्यामुळे जास्त लागत नसे. अनुभवाचे पॉइंट (जे साठले की कॅरेक्टरची लेव्हल वाढते) थोडे लवकर साठत, इतकंच. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्रेहॉक पुरवणीने स्ट्रेंग्थला वार आणि नुकसान यांवरचा बोनस दिला, आणि तिथून आकडे हळूहळू जड होत गेले.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्या गुणांसाठी एकच हिशोब आला, आणि तोच आजही चालतो: १० किंवा ११ ला शून्य, पुढे दर दोनला एक अधिक, खाली दर दोनला एक वजा. १४ असेल तर +२, १८ असेल तर +४, ८ असेल तर -१. या अधिक-वजा आकड्याला मॉडिफायर म्हणतात. काही जमतं का हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात तो जवळजवळ प्रत्येक वेळी मिळवला जातो आणि त्यातल्या प्रत्येक एकाची किंमत पाच टक्के.

म्हणजे जुन्या नियमांतला वाईट रोल अंगावर फारसा येत नसे. नव्या नियमांत तोच रोल दर वाराला, दर उडीला, विषाशी दर झुंजीला सोबत येतो. जुनी पद्धत नव्या खेळात उचलून आणली की जे बिनसतं, त्याचं मूळ इथे आहे. फाशांना दोष द्यायचं कारण नाही.

पायरी ३: फाशांची चव एकदा घेऊन बघा

हे वाचतानाच करा. घरातल्या लुडोचे किंवा सापशिडीचे फासे चालतात. एकच असेल तर तीनदा टाका. आपण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक आवृत्तीच्या क्रमाने जाऊ. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स या आजच्या खेळात तेच नियम नीट मांडून दिलेले आहेत.

समजा असं पडलं:

स्ट्रेंग्थ: ४, ३, १ = ८
इंटेलिजन्स (बुद्धी): ५, ४, ५ = १४
विजडम (शहाणपण): २, ६, ३ = ११
डेक्स्टेरिटी (चपळाई): ६, ५, २ = १३
कॉन्स्टिट्यूशन (तब्येत): १, ३, २ = ६
करिश्मा (इतरांवर पडणारी छाप): ६, ६, ३ = १५

अदलाबदल करायची नाही. आता या माणसाकडे बघा. अंगात जोर नाही, तब्येत तर फारच नाजूक. डोकं तल्लख, हात चपळ, आणि बोलायला लागला की समोरचा ऐकत राहतो. योद्धा म्हणून टिकणं कठीण. चोर होईल, पण इंटेलिजन्स १४ असल्यामुळे मी त्याला मॅजिक-यूजर (जादूगार) करेन. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मरण्याआधी किती नुकसान सोसता येतं तो आकडा, चार बाजूंच्या फाशावर ठरतात आणि कॉन्स्टिट्यूशन ६ म्हणून त्यातून एक वजा. म्हणजे जास्तीत जास्त तीन. पहिल्या लेव्हलला मंत्र एकच. एखाद्या गॉब्लिनचा (ठेंगण्या राक्षसाचा) एक वार नीट बसला की संपला.

पण त्याच नियमांत करिश्मा १५ असणाऱ्याला पाच जणांपर्यंत चाकरीला ठेवता येतं, आणि अनोळखी प्राणी किंवा माणसं भेटली की त्यांच्या प्रतिक्रियेच्या रोलवर +१ मिळतो. मग हा माणूस कसा खेळायचा ते उघड आहे. तो गावात दोन मशालवाले आणि एक भालेकरी ठरवेल, अंधाऱ्या दालनात स्वतः शेवटी शिरेल, आणि गॉब्लिन दिसले की कुणी तलवार उपसण्याआधी बोलणी सुरू करेल. असा आजारी, गोडबोल्या, माणसं जमवणारा जादूगार कोऱ्या कागदासमोर बसून मी कधीच निवडला नसता. तुम्हीही निवडला नसता. रमीत पानं वाटून झाल्यावरच हात कसा लावायचा ते सुचतं, तसं हे आहे.

नवख्याला फाशांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. "तुला कोण व्हायचंय?" असं विचारलं की बहुतेक जण गोठतात, नाहीतर नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाचा नायक उचलून आणतात. फासे उत्तर देत नाहीत, पण विचार करायला काहीतरी समोर ठेवतात.

आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी नवख्याला सांगतं. निवडीचं स्वातंत्र्य वापरण्यासाठी खेळ आधी माहीत असावा लागतो. कुठला गुण कशाला लागतो, हे न खेळता कसं कळणार? म्हणून नवा माणूस इंटरनेटवरचं तयार बिल्ड (आकड्यांची आधीच ठरवलेली जुळणी) शोधतो आणि ते जसंच्या तसं उतरवतो. कागदावर ती निवड दिसते, पण केलेली असते दुसऱ्याच कुणीतरी.

पायरी ४: आकडे निवडायचे असतील तर

डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती तीन वाटा देते.

सगळ्यात सोपी वाट स्टँडर्ड अ‍ॅरेची: १५, १४, १३, १२, १०, ८. हे सहा आकडे हव्या त्या गुणांना द्या. पाच मिनिटांचं काम आहे. योद्ध्याने १५ स्ट्रेंग्थला आणि १४ कॉन्स्टिट्यूशनला दिले की तो चुकत नाही.

दुसरी वाट पॉइंट बायची. सहाही गुण ८ पासून सुरू होतात आणि खर्चायला २७ पॉइंट मिळतात. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट लागतो, म्हणजे १३ ची किंमत ५. त्यापुढे महाग होतं: १४ ला ७, १५ ला ९. त्याच्या वर विकत घेता येत नाही. मजा अशी की स्टँडर्ड अ‍ॅरेची किंमत मोजलीत तर ९, ७, ५, ४, २ आणि ० मिळून बरोबर २७ भरते. म्हणजे दोन्ही वाटा एकाच मापाच्या; फक्त दुसरीत तुम्ही १५, १५, १५, ८, ८, ८ असं टोकाचंही घेऊ शकता. पहिल्या खेपेला ते करू नका. तीन गुणांत कायम -१ घेऊन फिरणं हे अनुभवी खेळाडूला रंगवता येतं, नवख्याला नुसतं टोचतं.

तिसरी वाट फाशांची: चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्या. असं सहा वेळा करून आकडे हवे तिथे बसवा. ही पद्धत जुनी आहे. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात) ती पहिली पद्धत म्हणून दिली होती. तीन फाशांची सरासरी १०.५ येते, या पद्धतीने साधारण १२.२४. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक, इथे १२९६ मध्ये २१. सहा आकड्यांची सरासरी बेरीज सुमारे ७३.५ होते आणि स्टँडर्ड अ‍ॅरेची ७२. म्हणजे सरासरीने फासे थोडं जास्तच देतात, आणि खेळाडूंना ती वाट मोह घालते ती म्हणूनच.

अडचण सरासरीत नाही, दोन शेजाऱ्यांमधल्या अंतरात आहे. एकाला १६, १५, १४, १४, १३, १२ पडले आणि दुसऱ्याला १३, १२, ११, १०, ९, ८. पहिल्याचे मॉडिफायर मिळून +११ होतात, दुसऱ्याचे शून्य. पहिल्या सेशनला यावर सगळे हसतात. दोघांनी दुसरा मोठा आकडा कॉन्स्टिट्यूशनला दिला असेल तर दर लेव्हलला एक हिट पॉइंटचा फरक वाढत जातो, आणि वारात दहा टक्क्यांचा फरक पहिल्या दिवसापासून असतो. पुढे प्रत्येक लढाईत एकच माणूस चमकायला लागतो. दुसऱ्याला तोपर्यंत त्याच्या कॅरेक्टरचा लळा लागलेला असतो, त्यामुळे तो ते टाकूनही देत नाही. नव्या खेळाडूंचं मन खेळातून उडतं ते इथे, आणि ते तोंडाने सांगतही नाहीत. लांब कॅम्पेनला निवडून घ्या, असं मी सांगतो ते याच कारणासाठी.

तरीही टेबलाला फासेच हवे असतील तर दोन उपाय आहेत. पहिला: सगळ्यांनी एकेक संच रोल करायचा, सगळे संच कागदावर मध्ये ठेवायचे, आणि कुणीही कुठलाही संच वापरायचा. दोघांनी एकच घेतला तरी हरकत नाही. फाशांची गंमत राहते, अंतर राहत नाही. दुसरा उपाय तिसऱ्या आवृत्तीतच लिहिलेला आहे: मॉडिफायरची बेरीज शून्य किंवा कमी आली, किंवा सगळ्यात मोठा आकडा १३ च्या वर गेला नाही, तर सगळे आकडे पुन्हा टाकायचे. वरचा दुसरा खेळाडू त्यात सुटला असता. पाचव्या आवृत्तीत हा नियम नाही, तेव्हा गेम मास्टरशी आधी बोलून ठेवा. आणि रोल नेहमी सगळ्यांसमोर करा.

पायरी ५: फाशांवर आख्खं आयुष्य

काही खेळांत फासे आकड्यांवर थांबत नाहीत. ते बघितल्याशिवाय या विषयाचा खरा आनंद कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मार्क मिलर यांचा ट्रॅव्हलर १९७७ मध्ये आला. अंतराळातला खेळ. सहा गुण दोन-दोन फाशांवर. मग अठराव्या वर्षी तुम्ही सेवेत भरती व्हायला बघता: नौदल, मरीन, लष्कर, स्काउट, व्यापारी किंवा इतर. भरतीचा रोल फसला तर कुठे जायचं तेही फासा ठरवतो. सेवा चार-चार वर्षांच्या टप्प्यांत चालते. दर टप्प्याला कौशल्यं मिळतात, आणि दर टप्प्याला जिवंत राहण्यासाठी रोल करावा लागतो. तो फसला की कॅरेक्टर मेलं, खेळ सुरू होण्याआधीच.

स्काउटसाठी दोन फाशांवर सात किंवा जास्त लागतं. म्हणजे काही बोनस नसेल तर दर टप्प्याला मरण्याची शक्यता जवळपास ४२ टक्के. एंड्युरन्स (दमसास) ९ किंवा वर असेल तर +२ मिळतो आणि ती १७ टक्क्यांच्या आसपास येते. तरी लोक स्काउटमध्ये जातात, कारण निवृत्त होताना स्वतःला वापरायला जहाज मिळू शकतं. आणखी चार वर्षं थांबू की आता निघू? थांबलात तर कौशल्यं वाढतील, पण जिवाची जोखीम आहे, आणि चौतिसाव्या वर्षापासून वय शरीराला खायला लागतं. फासे टाकताना असा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून शेवटी हाती आलेला चाळिशीचा निवृत्त अधिकारी तुम्हाला आपला वाटतो. मंगूज या प्रकाशकाच्या २००८ च्या आवृत्तीत रोल फसला तर मृत्यूऐवजी अपघात होऊन सेवा सुटते. नवख्यांनी तीच घ्यावी.

वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये पेशाही फासाच ठरवतो. १९८६ च्या पहिल्या आवृत्तीतला उंदीर पकडणारा आणि त्याचं लहानसं पण खुनशी कुत्रं खेळणाऱ्यांत आजही प्रसिद्ध आहे. याच खेळाच्या चौथ्या आवृत्तीने या सगळ्या वादावर मला सगळ्यात शहाणी वाटणारी तोड काढली. पेशासाठी पहिलाच रोल मान्य केलात तर अनुभवाचे ५० पॉइंट मिळतात, तीन रोलमधला एक उचललात तर २५, स्वतः निवडलात तर काहीच नाही. निवडायला कुणी अडवत नाही, पण जोखीम घेणाऱ्याला मोबदला मिळतो.

डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये तर प्रत्येक खेळाडूला शून्य लेव्हलची तीन-चार साधी माणसं मिळतात, सगळी फाशांवर बनलेली. पहिल्या साहसात त्यातली बरीच मरतात, आणि जो वाचतो तो तुमचा नायक. एका संध्याकाळचा खेळ शोधत असाल तर यापेक्षा चांगली ओळख मला माहीत नाही.

उलट टोकाला १९८१ चा चॅम्पियन्स आणि १९८६ चा गर्प्स हे खेळ आहेत. तिथे सगळं पॉइंट देऊन विकत घ्यायचं, आणि अवगुण पत्करले की जादा पॉइंट मिळतात. पहिल्यांदा खेळताना एकट्याने यात शिरू नका. गेम मास्टरला फोनवर सांगा की मला साधारण असा माणूस हवाय, आणि आकडेमोड त्याला करू द्या.

पायरी ६: पहिल्या लांब कॅम्पेनसाठी माझा सल्ला

आकडे निवडा, भूतकाळ फाशांवर सोडा. आकड्यांतला असमतोल पुढे बोचत राहतो, पण भूतकाळातल्या असमतोलाने कुणाचं काही बिघडत नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात प्रत्येक पार्श्वभूमीसाठी स्वभाव, आदर्श, ऋणानुबंध आणि दोष यांचे तक्ते आहेत. पण तुमच्या टेबलाने स्वतःचा तक्ता केला तर जास्त रंगत येते. प्रत्येकाने एकेक ओळ द्यायची, बस. उदाहरणार्थ, घर का सोडलं?

१. वाटणीत भावाने फसवलं. तेव्हापासून बोलणं नाही.
२. गुरूने शिक्षण अर्धवट असताना मठातून काढलं आणि कारण सांगितलं नाही.
३. वडिलांच्या नावावर सावकाराचं कर्ज आहे, फेडायचं तुम्हाला.
४. जत्रेत एका अनोळखी माणसाने पेटी सांभाळायला दिली आणि तो परत आलाच नाही.
५. दुष्काळात गाव उठलं. घरचे कुठे गेले ते माहीत नाही.
६. लग्न ठरलं होतं. आदल्या रात्री निघून आलात.

स्टँडर्ड अ‍ॅरेचा योद्धा घ्या: स्ट्रेंग्थ १५, इंटेलिजन्स ८. फासा टाकला, ४ पडले. मग ती पेटी त्याच्या पाठीवर आहे. झाकणावर काहीतरी कोरलंय, पण ते कुणाला तरी वाचायला द्यावं हे त्याला सुचलेलंच नाही. सांभाळ म्हणाले, तो सांभाळतोय. टेबलावरची जादूगार पहिल्याच रात्री शेकोटीपाशी विचारेल, "बघू जरा?" आणि तिथून गेम मास्टरला आठवडाभर पुरेल इतकं साहित्य मिळेल. निवडलेला ८ आणि पडलेला ४ एकमेकांना भेटले तेव्हा हा माणूस तयार झाला.

तक्त्यातलं काही अजिबात नको असेल तर आधीच खोडा. लग्नाचा किंवा घरच्यांच्या ताटातुटीचा विषय कुणाला खेळात आणायचा नसतो, आणि त्याचं कारण विचारू नये. रोल पडल्यावर नकार देणं अवघड जातं, म्हणून हे फासे टाकायच्या आधी उरकून घ्या.

नाव शेवटी ठेवा, आणि तीन अक्षरांच्या आतलं ठेवा. टेबलावर ते दिवसभर हाकारायचं असतं.

दोन सेशन झाल्यावर शीट पुन्हा काढा. कुठला आकडा सतत वापरलात, कुठल्याकडे पाहिलंही नाही, ते आता कळलेलं असेल. दोन आकड्यांची अदलाबदल करू द्या, असं गेम मास्टरला सरळ विचारा. नव्या खेळाडूला बहुतेक जण ही सूट देतात, आणि तुमचे गेम मास्टर देणार असतील तर तिसऱ्या सेशनच्या आत ती घेऊन टाका, कारण त्यानंतर बाकीचे तुमच्या कॅरेक्टरचे आकडे गृहीत धरून बेत आखायला लागतात.